जसंच्या तसं

मंगळवारी दुपारी सव्वाचार वाजता ताईनं हात वर केला आणि म्हणाली, "पुरे. तू नको वाचूस आता."

धाकटी वाक्याच्या मध्यावर थांबली. समोरच्या खुर्चीत भाऊजी त्याच पुस्तकाची दुसरी प्रत मांडीवर घेऊन बसले होते. त्यांचं बोट ज्या शब्दावर होतं तिथेच राहिलं.

"दमलीस का?" धाकटीनं विचारलं.

"नाही."

"पाणी देऊ?"

"बाई, तहान लागली तर मी पाणी मागेन. मी पुस्तक मिट म्हटलं."

घटना एवढीच. बाहेरच्या माणसाला तीत काही विशेष दिसलं नसतं. एका आजारी बाईला वाचन नकोसं झालं, होतं असं. पण या दोन बहिणींमध्ये वाचता वाचता 'पुरे' हा शब्द त्याआधी कधी आला नव्हता. तो आला, आणि ताईच्या तोंडून आला, त्यामुळे धाकटीला उठून उभं राहायलाही सुचेना.

दोघींचं वाचनाचं नातं जुनं होतं. आई कारखान्यात दुपारपाळीला गेली की दोघी मुली एका खोलीत उरायच्या. ताई सात वर्षांनी मोठी. धाकटीला गप्प बसवायला तिच्याकडे दुसरं साधन नव्हतं म्हणून तिनं वाचनालयातून कादंबऱ्या आणून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. मुलांच्या गोष्टी नव्हेत, तिला स्वतःला वाचायच्या असत त्याच. धाकटीला निम्मं कळायचं नाही, पण ताई रडली की तीही मनापासून रडायची. ताई श्वास घ्यायला थांबली की धाकटी तिच्या गुडघ्यावर बोटानं दोनदा टकटक करायची. म्हणजे पुढे.

या वाचनाचा एक नियम होता आणि तो ताईनं घातला होता. वाचणाऱ्यानंही ते पुस्तक आधी वाचलेलं नसावं. पुढचं पान चोरून बघायचं नाही. "दोघींना एकदमच कळलं पाहिजे," ती म्हणायची. "नाहीतर एकीनं जेवायचं आणि दुसरीनं ताट बघायचं, असं होतं." एकदा ताई आंघोळीला गेली असताना धाकटीनं शेवटचं पान उघडलं. ताई केस पुसत बाहेर आली, तिनं धाकटीच्या तोंडाकडे पाहिलं आणि पुस्तक तसंच उचलून वाचनालयात परत देऊन आली. त्या पुस्तकाचा शेवट ताईला आजतागायत माहीत नाही.

पुढे ताई एका दाताच्या दवाखान्यात नोकरीला लागली. पेशंटांची नावं लिहायची, नंबर पुकारायचा आणि मधल्या वेळात काउंटरच्या खाली कादंबरी. कितीतरी वेळा ती मुसमुसत नंबर पुकारायची. पेशंटांना वाटायचं, किती कनवाळू बाई, आपल्या दाढेसाठी रडते. दाढेच्या दुखण्यानं हैराण झालेल्या एका लिफ्ट मेकॅनिकलाही तसंच वाटलं आणि त्यानं तिला मागणी घातली. हेच भाऊजी. आपण त्या दिवशी दुसऱ्याच कुणाच्या मरणावर रडत होतो हे ताईनं त्यांना लग्नानंतर सांगितलं. "फसवणूक झाली माझी," भाऊजी अजून म्हणतात. 'चार माणसे' या लिफ्टमधल्या पाटीपलीकडे आपण काही वाचत नाही, हेही ते तितक्याच अभिमानानं सांगायचे.

धाकटी एका प्रकाशकाकडे मुद्रितं तपासायला लागली. दुसऱ्यांच्या चुका काढता काढता तिनं स्वतःचं लिहिलं, ते छापून आलं, लोकांना आवडलं. तिसऱ्या पुस्तकानंतर तिनं नोकरी सोडली. आता ती लेखिका होती. आणि त्या सुमारास तिच्या लक्षात आलं की आपल्याला वाचता येईनासं झालंय.

आधी ती पुस्तकात राहायला जायची. आता भाड्याचं घर बघायला गेल्यासारखी जाऊ लागली. भिंतीवर टिचकी मारायची, ओल कुठे आहे बघायची, कुठे नुसताच रंग फासलाय ते हुडकायची. पहिल्या प्रकरणात कुणी खोकलं की मनातल्या मनात त्या माणसाला पोचवून मोकळी व्हायची. कुत्र्याला लाडाचं नाव ठेवलं की कुत्रं गेलंच. बायको नवऱ्याशी एकदम गोड बोलली की ती प्रकरणाच्या शेवटी बॅग भरणार. गोष्टीत बिनकामाचं काही नसतं, हे धाकटीला स्वतःच्या लिहिण्यातून कळलं होतं, आणि एकदा कळलं ते कळलंच. जादूगाराच्या बाहीत काय आहे ते माहीत असलेल्या माणसानं टाळ्या कशा वाजवायच्या? ती पुस्तकं आणायची, वीस-पंचवीस पानं वाचायची, पुढचं सगळं मनात मांडून टाकायची आणि शेवटचं पान बघून ताडून घ्यायची. बहुतेक वेळा तिचं बरोबर निघायचं. त्याचा आनंद सुरुवातीला झाला, नंतर तोही होईना. व्याख्यानांत लोक विचारायचे, "सध्या काय वाचताय?" आणि ती पाच-सहा नावं धडाधड सांगायची. त्यातलं एकही तिनं पुरतं वाचलेलं नसे.

ताईनं धाकटीची पहिली कादंबरी स्वतःच्या डोळ्यांनी वाचली. "छान आहे," ती म्हणाली. "फक्त तू मधे मधे येतेस." दुसरी तिनं भिंग घेऊन वाचली. तिसरी येईपर्यंत मधुमेहानं डोळे गेले होते. धाकटी म्हणाली, मी वाचून दाखवते. ताईनं मान हलवली. "तुझं तू कसं वाचणार? तुला शेवट माहीत. नियम म्हणजे नियम. दुसऱ्या कुणाचं तरी आण."

म्हणून धाकटी रोज दुपारी जाऊ लागली. डोळ्यांपाठोपाठ ताईची मूत्रपिंडंही थकली; आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं. तिथे चार-चार तास यंत्राला जोडून पडायचं. ताई म्हणायची, "मला काही वाटत नाही. मी आदल्या दिवशीचं प्रकरण पुन्हा ऐकत पडते. ती माणसं आत्ता कुठे असतील, काय करत असतील, असा विचार करते. चार तास कसे जातात कळत नाही." डॉक्टरांना तिच्या उमेदीचं नवल वाटायचं. ती उमेद वाचनालयातून येत होती.

पण पहिल्याच महिन्यात ताईनं मधेच विचारलं, "कुत्रा मरणार का गं?"

"कोण म्हणालं?"

"तुझा आवाज म्हणाला."

पुस्तक धाकटीनं खरंच पुढे वाचलेलं नव्हतं. नियम तिनं पाळला होता. पण तिला कळलेलं होतं, आणि कुत्र्याचा उल्लेख आला की तिचा आवाज आपोआप हळवा व्हायचा. मग तिनं आवाज सपाट ठेवायचा प्रयत्न केला. ताई म्हणाली, "बातम्या लावल्यात का रेडिओवर?"

पहिली ढवळाढवळ तिनं एका विशेषणाची केली. वाक्यात तीन विशेषणं होती, तिनं दोनच वाचली. वाक्य सुधारलं. तिला बरं वाटलं, डोळ्यातलं कुसळ निघाल्यासारखं. दुसऱ्या दिवशी एक बेंगरूळ उपमा तिनं काढून टाकली. मग पानभर निसर्गवर्णन. मग ताईला सुगावा लागू नये म्हणून पुस्तकातला एक खोकला तिनं चक्क गिळला. खोकला गेला तर पुढचं मरण अंगावर येणार, म्हणून त्याच्यासाठी आधी दुसरं काही रचावं लागलं. ते तिनं तिथल्या तिथे, वाचत असल्याचा आव आणून रचलं. आणि तिचं काळीज धडधडायला लागलं, कारण पुढचं वाक्य काय येणार हे तिचं तिलाच माहीत नव्हतं. किती वर्षांनी तिला असं झालं होतं!

ताई तेव्हा म्हणाली, "आज कशी लहानपणीसारखी वाचलीस."

इथे धाकटी घसरली ती घसरलीच. पुस्तक हातात उघडं असायचं, नजर ओळींवर फिरत असायची, वेळच्या वेळी पान उलटायचं. आणि तोंडातून दुसरंच काही निघायचं. कधी मूळचं, कधी अर्धं मूळचं, कधी साफ तिचं. ताई हसायची, रडायची, उशी कवटाळून "थांब, थांब जरा" म्हणायची. वाचून झालं की पुस्तक वाचनालयात परत जायचं. भाऊजी ते परत करून यायचे, आणि लिफ्टचा सुटा भाग पोचवावा तशी त्यांना त्यातल्या मजकुराशी काही देणंघेणं नसायचं.

दोन वर्षं असं चाललं. मग ती कादंबरी आली.

एका नदीच्या धक्क्यावर तिकिटं फाडणाऱ्या बाईची ती गोष्ट होती. तिची एकुलती मुलगी भांडून निघते आणि जायला दुसरा रस्ता नाही म्हणून आईच्याच बोटीनं जाते; आईला स्वतःच्या हातानं तिचं तिकीट फाडावं लागतं. ताईला त्या बाईनं वेड लावलं. "आज ती काय करत असेल?" डायलिसिसहून आली की तिचा पहिला प्रश्न. "त्या पोरीला कळत नाही का, आई रोज शेवटच्या बोटीपर्यंत थांबते ते? येईल ती. नाही का गं?"

ती येणार हे धाकटीला तिसऱ्या प्रकरणातच कळलं होतं. मुलीनं अर्धं तिकीट फेकून न देता खिशात ठेवलं, तेव्हाच. खिशात ठेवलेली वस्तू शेवटी बाहेर येते. ते अर्धं तिकीट धाकटीला शेवटपर्यंत खुपत राहिलं. इतकी ताकदीची बाई उभी केली आणि शेवट असा गोडगट्ट? तिनं तो बदलला. तिच्या वाचनात शेवटची बोट लागते, माणसं उतरतात, धक्का रिकामा होतो. बाई झाडू घेते, दिवसभराचे तिकिटांचे तुकडे झाडते, टोपलीत भरते आणि दिवा बंद करते.

ताईनं उशी बाजूला सारली. मग म्हणाली, "आली नाही?"

"नाही."

"संपलं?"

"संपलं."

ताईच्या मिटल्या पापण्यांतून पाणी येत राहिलं. धाकटीनं तिचा हात धरला आणि त्याच वेळी तिच्या मनात आलं, जमलं. पुढे तिला या एका शब्दाची सगळ्यात जास्त लाज वाटली.

ताईचं त्यानंतर जेवणावरचं लक्ष उडालं. गुरुवारी तिनं डायलिसिसला जायचं टाळलं. "नको वाटतं आज," एवढंच म्हणाली. भाऊजींनी हातापाया पडून तिला शुक्रवारी नेलं. धाकटी तेव्हा एका साहित्य संमेलनात बोलायला परगावी गेली होती. भाऊजींना बायकोचं काय बिघडलंय ते समजेना. कादंबरी परत करायची राहून गेली होती, ती कपाटावर दिसत होती. लिफ्ट बंद पडली की जिथे बंद पडली तिथला जोड आधी तपासायचा, ही त्यांची आयुष्यभराची रीत. त्यांनी चष्मा लावला, शेवटचं प्रकरण काढलं आणि बायकोच्या उशाशी बसून वाचायला लागले. पानांचे आकडेसुद्धा वाचले.

रविवारी धाकटी आली तेव्हा ताई बसून होती. पुस्तक तिच्या मांडीवर होतं. स्वयंपाकघरात भाऊजी उगाचच भांडी इकडची तिकडे करत होते.

"ये. काय बोललीस तिकडे?"

"नेहमीचंच. वाचनाबद्दल."

"अरे वा." ताईनं पुस्तक थोपटलं. "ती आली, धाकटे."

"कोण?"

"मुलगी. शेवटच्या बोटीतून उतरली. खिशातून अर्धं तिकीट काढून आईपुढे धरलं. यांनी वाचून दाखवलं. छापखान्याच्या पत्त्यापर्यंत वाचलं. कुठे झाडू नाही, टोपली नाही. आणि तू म्हणालीस, आली नाही."

धाकटीच्या तोंडून पहिल्यांदा जे निघालं ते असं: "तो शेवट वाईट आहे गं, ताई."

"वाईट म्हणजे?"

"सोपा. तिसऱ्या प्रकरणातच कळतो."

"मला नव्हता कळला," ताई म्हणाली.

भिंतीपलीकडे भाऊजींच्या हातून झाकण पडलं, गरगरलं आणि शांत झालं.

"बरं, आधीची सांग," ताई म्हणाली. "ती मास्तरीण. तिचा नवरा बुडाला होता का?"

"बुडाला. म्हणजे, बुडाला असं वाटतं."

"वाटतं?"

"बुडालाच असेल."

"आणि जुळ्या भावांतला तो लंगडा? शेवटी लग्नात गाणं म्हणतो तो?"

धाकटीनं आठवायचा खूप प्रयत्न केला. गाणं तिचं होतं, ते नक्की. लग्न पुस्तकातलं. पण तो लंगडा आधीपासून होता की तिनं केला होता? त्याची काठी, पायरीवर होणारा काठीचा आवाज, सगळं तिला स्पष्ट ऐकू येत होतं; कुठून येत होतं ते मात्र कळेना. पुस्तकं परत गेलेली. तिनं काय काय बदललं याची कुठे नोंद नव्हती.

"नाही आठवत, ताई."

"मला डोळे नाहीत गं," ताई म्हणाली. तिनं आवाज चढवला नाही. "मी तुझ्या डोळ्यांवर चालले होते. दोन वर्षं कुठे कुठे जाऊन आले म्हणून खुशीत होते. आता कळतंय, तुझ्याच अंगणात फिरत होते."

भाऊजींनी दारातून डोकं आत घातलं. "चहा ठेवू का?"

"ठेवा. आणि त्यात काय काय घालताय ते मोठ्यानं सांगा. या घरात मला कोण काय पाजतं त्याचा भरवसा राहिला नाही."

धाकटी रडली, पाय धरले, पुन्हा असं होणार नाही म्हणाली. ताईनं तिला हाकललं नाही. पण विश्वास बसत नव्हता, आणि तो कसा बसवावा हे दोघींनाही समजत नव्हतं. तोडगा भाऊजींनी काढला. "लिफ्टच्या तपासणीला दोन माणसं लागतात," ते म्हणाले. "एक वर, एक खाली. दुसरी प्रत आणू. मेव्हणीबाई वाचतील, मी बोट ठेवून बघत बसतो."

वाचनालयातली बाई म्हणाली, "एकाच पुस्तकाच्या दोन प्रती? घरात वाटण्या झाल्या काय?" भाऊजींनी तिला खरं ते सांगितलं नाही.

नव्या कादंबरीत शाळेत घंटा वाजवणारा एक म्हातारा शिपाई होता. त्याच्या दोन मुली. थोरली त्याची सेवा करायला घरी राहिलेली. धाकटी दूर देशी, बापाशी वर्षानुवर्षं न बोलणारी. पहिल्याच प्रकरणात म्हातारा खोकला आणि भाऊजी काळजीत पडले. वाचणारी धाकटी मात्र पडली नाही. खोकला इतका मोठ्यानं ऐकवलाय तर तो फसवा असणार, इतकं तिला कळत होतं. दुसऱ्या प्रकरणात एक साधं वाक्य आलं: 'थोरलीनं जिना चढताना भिंतीला हात टेकला.' बस्स. पुढे लगेच भाजी, दूध, घरभाडं. त्या वाक्याला तिथे असायचं काहीही कारण नव्हतं, आणि म्हणूनच ते काय करायला तिथे बसलंय ते धाकटीला लख्ख दिसलं. म्हातारा राहणार होता. थोरली जाणार होती.

"'भिंतीला' राहिलं," भाऊजी म्हणाले.

"काय?"

"'भिंतीला हात टेकला' असं आहे. तू नुसतं 'हात टेकला' म्हणालीस."

तिनं वाक्य पुन्हा वाचलं, जसंच्या तसं.  पलंगावरून उठताना ताई स्वतःही भिंतीला हात टेकत असे, पण आंधळ्या माणसानं टेकणं निराळं, असं धाकटीनं मनाला समजावलं.

पुढचे दिवस तिनं शब्दन् शब्द वाचला. तोल सांभाळत तारेवरून चालावं तसा. भाऊजींना एकही चूक सापडली नाही. ते मधून मधून "बरोबर" म्हणायचे. ताई छताकडे तोंड करून पडून असायची. आणि मग तो मंगळवार आला.

"काही चुकलं का माझं?" धाकटीनं पुस्तक मिटून विचारलं.

"नाही ना. काही चुकत नाही." ताई कुशीवर वळली. "तू सगळं बरोबर वाचतेस. पण पुढचं तुला माहीत असतं, आणि ते मला कळू नये म्हणून तू दार ओढून धरतेस. मला गोष्ट ऐकूच येत नाही. नुसतं दार ऐकू येतं."

"मी मुद्दाम नाही करत."

"माहीत आहे. म्हणून तर बोलले नाही इतके दिवस."

"मग मी काय करू?"

"लिही की. ते येतं ना तुला?" ताईच्या बोलण्यात टोमणा नव्हता, त्यामुळे ते जास्तच लागलं. "अहो, तुम्ही वाचा."

"मी?" भाऊजी दचकले. "अगं, मी म्हणजे अडखळत…"

"अडखळा. मला कुठे गाडी पकडायचीय?"

धाकटी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याशी उभी राहिली. भिंतीपलीकडे वाचन सुरू झालं. भाऊजी जोडाक्षरापाशी थांबायचे, मागे जायचे, पूर्णविराम ओलांडून पुढे निघून जायचे. संवाद आणि वर्णन एकाच सुरात. मग मधेच, "अरेच्चा! हा तर खोटं बोलला!"

"मला वाटलंच होतं," ताई म्हणाली.

"काही नाही वाटलं होतं तुला. मघाशी त्याची बाजू घेत होतीस."

"वाचा हो पुढे."

"म्हातारा काही टिकत नाही, बघ."

"टिकेल. अपशकुनी बोलू नका."

दोघांना एकदमच कळत होतं. नियम पाळला जात होता. धाकटी कपबशी विसळत ऐकत राहिली. म्हातारा टिकेल की नाही यावरून तिथे दोन माणसं भांडत होती आणि जिना चढणाऱ्या थोरलीकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. ते किती भाग्याचं आहे हे सांगायला तिच्याकडे शब्द होते, अनेक होते, ते आपोआप वाक्यात बसायला लागले होते. 'दार ओढून धरतेस' हे तर तिनं मघाशीच, रडू आवरता आवरता, बाजूला काढून ठेवलं होतं, कुठेतरी वापरता येईल म्हणून. हे लक्षात आलं तेव्हा तिनं नळ मोठा सोडला.

त्यानंतर ती जायची ती औषधं आणायला, डायलिसिसला सोबत करायला. वाचनाच्या वेळी ओट्याशी. घरी गेल्यावर कागद पुढे ओढायची आणि तसाच ठेवायची. एकदा तिनं स्वतःचं पहिलं पुस्तक उघडून पाहिलं. त्यातही तिला फक्त टाके दिसले.

शनिवारी दुपारी ताईला धाप लागली. फुप्फुसात पाणी झालं होतं. भाऊजींनी पिशवीत हाताला लागेल ते भरलं: औषधं, टॉवेल, रिपोर्ट, पुस्तक. हॉस्पिटलात तिला सरळ अतिदक्षता विभागात नेलं. डॉक्टर बाहेर आले, "बघू या" म्हणाले आणि पुन्हा आत गेले. त्या दोन शब्दांचा अर्थ भाऊजींनी विचारला नाही, धाकटीनंही नाही.

संध्याकाळी भेटीच्या वेळात एका वेळी एकाला आत जायची परवानगी मिळाली. भाऊजी आत जाऊन आले. "मास्क बाजूला सारून विचारत होती, घंटा वाजली का म्हणून. मी म्हटलं, कसली घंटा? इथे कुठली घंटा? नर्सनं मास्क पुन्हा लावला. बाहेर आल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ती पुस्तकातलं विचारत होती." त्यांनी खिसे चाचपले, पिशवी उलटीपालटी केली. चष्मा घरी राहिला होता. पुस्तक त्यांनी धाकटीपुढे धरलं. "तू जा. थोडंच उरलंय. आम्ही इथवर आलो होतो."

पानांत खूण म्हणून दाताच्या दवाखान्याचं जुनं कार्ड होतं.

"मी नको, भाऊजी."

"दुसरं कोण आहे?" ते म्हणाले. मग चोरट्यासारखे, "जसंच्या तसं हं."

आत यंत्रांचा आवाज होता. ताई मास्कखाली लहान दिसत होती. डोळे मिटलेले. तिचा हात चादरीवर पडला होता आणि बोटाला चिमटा लावलेला होता. धाकटी स्टुलावर बसली. "ताई, मी वाचतेय. भाऊजींचा चष्मा राहिला," असं सांगून तिनं कार्ड काढलं.

पहिलंच वाक्य वाईट होतं. तिनं ते होतं तसं वाचलं. पुढचंही. म्हाताऱ्याला ताप होता, त्याला उठवत नव्हतं, आणि घंटेची वेळ झाली होती. दूर देशची धाकटी गाडीतून उतरून शाळेच्या फाटकापर्यंत आली होती. थोरली म्हणाली, तुम्ही पडून राहा बाबा, मी वाजवून येते. ती जिन्याकडे निघाली. स्टुलावरच्या धाकटीनं पान उलटलं आणि वाचायच्या आधी तिची नजर सवयीनं सबंध पानावरून फिरली.

तिला वाटलं होतं तेच होतं. थोरली वरपर्यंत पोचत नव्हती. घंटा वाजत नव्हती. फाटकाशी पुस्तकातली धाकटी घंटेची वाट बघत उभी होती. एकाच वाक्यात सगळं सांगितलं होतं, आणि वाक्य चांगलं होतं. तिनं स्वतः लिहिलं असतं तर असंच लिहिलं असतं.

हे तिला वाचायचं होतं, मास्क लावलेल्या थोरल्या बहिणीला. किंवा म्हणायचं होतं, थोरलीनं घंटा वाजवली. तीन शब्द. दुसरी प्रत घरी होती, चष्म्याजवळ. या खेपेला बोट ठेवून बसलेलं कुणी नव्हतं, आणि ताई 'पुरे' म्हणू शकत नव्हती.

ती थांबली.  काचेपलीकडून नर्सनं वेळ संपत आल्याची खूण केली.

चादरीवर ताईचं बोट हललं. एकदा, आणि थोड्या वेळानं पुन्हा, गुडघ्यावरच्या जुन्या टकटकीसारखं. औषधांनी पेशंटची बोटं अशी हलतात, असं नर्सनं भाऊजींना मघाशीच सांगितलं होतं. धाकटीनं पुस्तक दिव्याकडे कलतं केलं. पान तेच होतं.